जो लुई : एका जगज्जेत्याची कारकीर्द

अवजड वजनाच्या मुष्टियोद्ध्यांचें जगज्जेतेपद हें अमेरिकेंत निव्वळ खेळांतलें पद कधींच नव्हतें. गोऱ्या समाजाला तें आपल्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचें प्रमाणपत्र वाटे. १९०८ सालीं जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीयानें तें जिंकलें, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यांकडे पाहून तो उघड हंसला, गोऱ्या स्त्रियांशीं त्यानें विवाह केले. आणि त्याची शिक्षा त्याच्या एकट्यापुरती राहिली नाहीं. १९१५ सालीं त्याचा पराभव झाल्यानंतर २२ वर्षें कोणाही कृष्णवर्णीयाला या पदासाठीं लढूं दिलें गेलें नाहीं. जो लुईच्या कारकीर्दीकडे पाहावयाचें तें हीं २२ वर्षें ध्यानांत ठेवून.

लुईचा जन्म १३ मे १९१४ रोजीं अलाबामा राज्यांत, बटाईनें कापसाची शेती करणाऱ्या कुटुंबांत झाला. १९२६ च्या सुमारास हें कुटुंब पोटासाठीं डेट्रॉइटला आलें. व्हायोलिन शिकण्यासाठीं आईनें दिलेले पैसे मुलानें मुष्टियुद्धाच्या तालमींत भरले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. ४ जुलै १९३४ रोजीं शिकागो येथें त्यानें पहिला व्यावसायिक सामना पहिल्याच फेरींत जिंकला. त्याची बिदागी होती ५९ डॉलर.

त्याचा वस्ताद जॅक ब्लॅकबर्न हा स्वतः जुना मुष्टियोद्धा. गोऱ्या पंचांच्या गुणदानावर विसंबूं नये, प्रतिस्पर्ध्यास लोळवूनच सामना संपवावा, हा त्याचा पहिला धडा. व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो यानें निराळेच नियम घालून दिले : पडलेल्या गड्याकडे पाहून हंसावयाचें नाहीं, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढूं द्यावयाचें नाहीं, वर्तन निष्कलंक ठेवावयाचें. जॉन्सनची सावली पुसून टाकण्याचा हा खटाटोप होता. त्यामुळें लुईचा चेहरा जगाला सदैव निर्विकार दिसला. तो निर्विकारपणा स्वभाव होता कीं सक्तीचा वेष, हें ठरविणें कठीण. वर्तमानपत्रांनीं मात्र त्याला बुद्धिमांद्य म्हणून टाकलें.

१९३५ सालीं कार्नेरा व मॅक्स बेअर हे दोन माजी जगज्जेते त्यानें लीलया पाडले. पुढच्या वर्षीं, १९ जून १९३६ रोजीं, जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग त्याच्यासमोर आला. श्मेलिंग हा चाणाक्ष पुरुष. डाव्या हाताचा सरळ ठोसा मारल्यानंतर लुईचा तो हात क्षणभर खालीं येतो, हें त्यानें आधींच हेरून ठेवलें होतें. त्या क्षणाच्या फटींतून तो उजव्या हाताचे ठोसे घालीत राहिला, आणि बाराव्या फेरींत लुई कोसळला. हा त्याचा पहिला व्यावसायिक पराजय होय.

२२ जून १९३७ रोजीं जेम्स ब्रॅडक याला आठव्या फेरींत पाडून तो जगज्जेता झाला. तरीही श्मेलिंगचा हिशेब चुकता झाल्याखेरीज तें पद त्याला स्वतःलाच पुरतें आपलें वाटेना. बरोबर एक वर्षानें, २२ जून १९३८ रोजीं, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर सुमारें ७०,००० प्रेक्षकांसमोर हे दोघे पुन्हां भेटले. जर्मन प्रचारयंत्रानें श्मेलिंगला आर्यवंशाचा प्रतिनिधि ठरविलें होतें. वस्तुतः तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा व्यवस्थापक ज्यू होता, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बर्लिनमध्यें ज्यूंवर हल्ले झाले तेव्हां दोन ज्यू मुलांना त्यानें आश्रय दिला. परंतु त्या रात्रीं हें कोण विचारतो?

बहुसंख्य लोकांनीं तो सामना पाहिला नाहीं, नभोवाणीवर ऐकला. ऐकावयाला वेळही फारसा लागला नाहीं. श्मेलिंग अर्धवट वळला असतां पाठीच्या बाजूस एक ठोसा बसून त्याच्या मणक्याला इजा झाली; त्याची किंकाळी रिंगणाच्या कडेला बसलेल्यांना स्पष्ट ऐकूं आली. तीनदां तो खालीं गेला. २ मिनिटें ४ सेकंदांत सर्व संपलें. साऱ्या अमेरिकेनें लुईला आपला म्हटलें. ज्या राज्यांत तो जन्मला तेथें मात्र गोऱ्यांच्या खाणावळींत बसून त्याला जेवतां आलें नसतें.

१९४२ सालीं दोन सामन्यांचें आपलें उत्पन्न त्यानें आरमार व सैन्य यांच्या साहाय्यनिधींस देऊन टाकलें, आणि गोऱ्याकाळ्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवणाऱ्या सैन्यांत तो साधा शिपाई म्हणून दाखल झाला. त्या दानाची परतफेड विलक्षण झाली. सरकारी करखात्यानें दिलेली रक्कमही त्याचेंच उत्पन्न धरून तिच्यावर कर मागितला. लुईचा हात सढळ, सल्लागार बेफिकीर. व्याज चढत गेलें. रिंगणांत ४० लक्षांहून अधिक डॉलर मिळविणाऱ्या या पुरुषावर पुढें दहा लक्षांवर कर थकला.

२५ वेळां पद राखून १ मार्च १९४९ रोजीं तो निवृत्त झाला होता. पोक्त वस्तादानें त्याला तेथेंच थांबविलें असतें. पण ब्लॅकबर्न १९४२ सालींच वारला होता, आणि देणें थांबूं देत नव्हतें. १९५० सालीं एझर्ड चार्ल्सनें त्याला गुणांवर हरविलें. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं तरुण रॉकी मार्सियानोच्या ठोशानें तो दोरखंडांमधून बाहेर फेंकला गेला. मार्सियानो त्याचा चाहता होता, जिंकल्याचा आनंद त्याला झाला नाहीं. पुढें पैशासाठीं लुई कुस्त्याही खेळला, आणि अखेरीस लास व्हेगासच्या एका द्यूतगृहांत पाहुण्यांचें स्वागत करण्याची नोकरी त्यानें धरली.

श्मेलिंगनें १९५४ सालीं अमेरिकेस येऊन त्याची गांठ घेतली आणि दोघांचा स्नेह जडला. १२ एप्रिल १९८१ रोजीं लुई वारला. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीच्या नियमांत तो बसत नव्हता; राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं नियम शिथिल केला. अंत्यविधीच्या खर्चाचा कांहीं भार श्मेलिंगनें उचलला.