झेंडा आणि दप्तर
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



'देशाभिमान आणि आपले रोजचे जीवन' या विषयावर दोन शब्द बोलण्यास संस्थेने मला सांगितले, याबद्दल मी आभारी आहे. विषय मोठा आहे. पण मी तो आपल्या पातूरच्या बसस्थानकावरून, बाजारातून आणि घराच्या उंबरठ्यावरूनच पाहणार आहे.

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला आपली मुले इस्त्रीचे कपडे घालून झेंड्यासमोर उभी राहतात, तेव्हा आई-बापाचा ऊर भरून येतो. तो आनंद खराच आहे. पण वर्षाचे बाकीचे 363 दिवस हा अभिमान कुठे राहतो?

याचे उत्तर आपल्या राज्यघटनेतच सापडते. 1976 साली 42 व्या दुरुस्तीने घटनेत कलम 51-अ आले आणि नागरिकांची दहा मूलभूत कर्तव्ये सांगितली गेली. त्यांतील पहिलेच कर्तव्य घटनेचे पालन करण्याचे आणि राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा मान राखण्याचे आहे. पुढे 2002 साली 86 व्या दुरुस्तीने त्या यादीत अकरावे कर्तव्य जोडण्यात आले. ते खास पालकांचे आहे : सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणे. पालकहो, झेंडा आणि दप्तर एकाच यादीत आहेत! झेंड्याला सलामी देऊन घरी आलेल्या बापाने मुलाचे दप्तर खुंटीला टांगून ठेवले, तर ती सलामी अर्धीच राहिली असे समजावे.

चौदा वर्षे ही कायद्याची मर्यादा आहे, आपल्या मायेची नव्हे. आपल्याकडे नेमके आठवीनंतर मुलाला गॅरेजवर किंवा दुकानावर बसवतात आणि दहावी झाली की मुलीचे नाव शाळेतून कमी होते. घरात पैशाची ओढाताण असते, हे मी जाणतो. कोणी हौसेने मुलाला कामाला लावीत नाही. पण आज हातात पडलेली मजुरी डोळ्यांना दिसते आणि दहा वर्षांनी हुकलेली नोकरी दिसत नाही, म्हणून हिशेब चुकतो. आलेगाव, सस्ती, विवरा अशा गावांतील मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत मिळतो. सरकारने दिलेली ही सवलत आपण घेतली नाही, तर दोष कोणाला द्यावा?

आता एक नाजूक गोष्ट. कधी कधी आपल्या मुलाला कोणी विचारतो, "तू या देशाचा किती?" प्रश्न मनाला लागतो. मुलांनो, अशा वेळी रागावू नका आणि मान खालीही घालू नका. भाडेकऱ्याला पावती दाखवावी लागते, घरच्या माणसाला नाही. मात्र घरचा माणूस घराची काळजीही घेतो, हे विसरू नका.

अशा घरच्या माणसाचा दाखला दूर शोधायला नको. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली. आपले वऱ्हाड आणि वर्धा तेव्हा एकाच प्रांतात होते. सात वर्षे मोफत व सक्तीचे, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या आधाराने शिक्षण द्यावे, अशी ती कल्पना होती. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जर्मनीतून पदवी घेऊन आलेल्या या माणसाने 1926 ते 1948 अशी बावीस वर्षे तुटपुंज्या पगारावर जामिया मिलिया सांभाळली. 1967 साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. आपण देशाचे किती, हे सांगत ते फिरले नाहीत. देशाच्या मुलांसाठी शाळा उभी करीत राहिले.

आपल्यालाही रोज अशी संधी असते. 1 जून 1948 रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला निघाली. तेव्हापासून ती गोरगरिबांची गाडी आहे. तिच्या सीटवर ब्लेड फिरवणारा मुलगा स्वतःचीच गादी फाडतो. पातूरची कोरीव लेणी शेकडो वर्षे उभी आहेत. तिथल्या दगडावर आपले नाव खरडल्याने नाव मोठे होत नाही. ज्या गावात शेख बाबूंचा दर्गा आहे आणि टेकडीवर रेणुकामातेचे मंदिर आहे, त्या गावात सलोखा राखणे हीही देशसेवाच आहे.

तसेच भाषेचे. उर्दू आपल्या घरची गोड जबान आहे, ती जरूर जपा. पण तहसील, दवाखाना, बँक आणि शेजार यांची भाषा मराठी आहे. ती उत्तम आली, तर अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागणार नाही आणि शेजाऱ्याच्या सुख-दुःखातही मोकळेपणाने बोलता येईल.

पालकांना माझी विनंती एवढीच : मुलाला आठवीवर आणि मुलीला दहावीवर थांबवू नका. महिन्यातून एकदा शाळेत येऊन गुरुजींना भेटा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही असे शिका की उद्या या तालुक्याला लागणारा डॉक्टर, शिक्षक, परिचारिका, तलाठी तुमच्यातूनच मिळेल. त्या दिवशी तुमच्या देशाभिमानाबद्दल विचारायला कोणी येणार नाही; लोक तुमच्याकडे काम घेऊन येतील.

 जय हिंद.