अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि छातीची ऊब
(कामगार कुटुंब मेळाव्यातील भाषण)



आपल्या वसाहतीत कुणाकडे सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपण झाले की पहिला प्रश्न येतो, "बाळ पेटीत ठेवलंय का?" पेटी मिळाली की आपण निर्धास्त होतो. मग आई एका वॉर्डात, बाळ दुसऱ्या वॉर्डात आणि बाप ड्युटीवर. पण पेटीइतकीच आईबापाची छातीही उपयोगाची आहे, हे आम्हाला आज सांगायचे आहे.

37 आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ असते, अंगावर चरबी फारशी नसते. ओले अंग, गार चादर, पंख्याचा वारा एवढ्यानेही ते गारठते. तापमान 36.5 अंश सेल्सिअसखाली गेले की त्याची शक्ती वाढीऐवजी ऊब टिकवण्यातच खर्ची पडते.

कोलंबियातील बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडत. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळे आईच्या उघड्या छातीवर ठेवण्याची पद्धत सुरू केली. हीच कांगारू पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत तिची पाहणी केली. आपल्याकडचे दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. पाहणीचा निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट पाहून ही पद्धत सुरू केली तेथे पहिल्या 28 दिवसांत शंभरातील सुमारे 16 बाळे दगावली. जन्मानंतर लगेच सुरू केली तेथे 12.

रीत सोपी आहे. बाळाला टोपरे, मोजे आणि लंगोट एवढेच घालावे. छातीला छाती लावून उभे धरावे, मान एका बाजूला, नाक मोकळे, वरून कापड बांधावे. सुरुवात परिचारिकेच्या देखरेखीखाली करावी. फार गंभीर बाळाबाबत डॉक्टर सांगतील तसे. आई थकली तर बापाने, आजीने धरावे.

मात्र हे दिवसाकाठी किमान 8 तास करायचे असते. येथे प्रश्न रजेचा येतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी अपत्ये असल्यास 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, ती प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. बाळ रुग्णालयात असतानाच ती मागा. "माणूस कमी आहे" म्हणून अर्ज अडला तर शाखेकडे या. कंत्राटी भावांना ही रजाही नाही. त्यांच्यासाठी आपणच बोलले पाहिजे. आणि बाळांच्या वॉर्डात आईसाठी खाट, बापासाठी खुर्ची, ही मागणी आपल्या यादीत घालू या.