सोपार्निक कोणाच्या नावाचं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला प्रवासातल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं आहे. समुद्र किती निळा होता वगैरे मी सांगणार नाही. तो होताच निळा. मी बोलणार आहे एका चुलीबद्दल आणि तिच्याभोवतीच्या दोन बायकांबद्दल.

२०२३ च्या मार्चमध्ये मी कामानिमित्त क्रोएशियाला गेले होते. हा पूर्वीच्या युगोस्लाव्हियातला देश. १९९१ साली स्वतंत्र झाला आणि १९९५ पर्यंत युद्धात होरपळला. २०२१ च्या जनगणनेत तिथली माणसं एकोणचाळीस लाखसुद्धा भरली नाहीत, दहा वर्षांत चार लाखांहून जास्त कमी झाली. तरुण मंडळी जर्मनी-आयर्लंडला जातात आणि खेड्यांत म्हातारी माणसं उरतात. कोकणातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

झाग्रेबचं काम संपलं तेव्हा माझ्याकडे नऊ दिवस होते. ते मी दक्षिणेला, स्प्लित शहराच्या पुढे, मोसोर डोंगराच्या कुशीतल्या पोल्यित्सा नावाच्या भागात घालवले. एका शेतकरी कुटुंबात राहायचं, त्यांच्याबरोबर स्वयंपाक शिकायचा आणि त्याचे पैसे द्यायचे, अशी व्यवस्था होती. आपल्याकडे कृषी पर्यटन म्हणतात, तसंच.

दारात उतरले तेव्हा घरातल्या आजीबाईंना वाटलं, मी कामाला आलेय. त्यांची चूक नव्हती. अलीकडे त्या देशात नेपाळ, भारत, फिलिपिन्समधून हजारो माणसं हॉटेलांत आणि बांधकामांवर राबायला येतात. माझ्यासारखी दिसणारी बाई पैसे देऊन भाकरी भाजायला शिकणार, हे त्यांना पटेना. "तुझ्या आईनं नाही शिकवलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तो सुनेनं इंग्रजीत करून सांगितला, कारण सून उन्हाळ्यात शहरातल्या हॉटेलात काम करत असे आणि तिला इंग्रजी येत होतं.

तिकडे आजीला 'बाबा' म्हणतात. हो, हसा! मलाही पहिले दोन दिवस 'बाबा, चूल पेटवू का?' म्हणताना हसू आवरत नव्हतं. पण दुसरे शब्द ऐकले आणि मी थबकले. सुनेला 'स्नाहा' म्हणतात. आपली संस्कृतातली स्नुषा, म्हणजे आपली सूनच. सासूला 'स्वेक्रवा', आपली श्वश्रू. धुराला 'दिम', आपला धूम. हजारो वर्षांपूर्वी भाषा फुटल्या, वाटा वेगळ्या झाल्या, पण सासू, सून आणि धूर तेवढे दोन्हीकडे शाबूत राहिले. याला योगायोग म्हणायचं तर म्हणा.

आता पदार्थ. त्याचं नाव सोपार्निक. गरिबाघरचं, उपासाचं खाणं. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, ख्रिसमसची आदली रात्र, अशा मांस न खाण्याच्या दिवसांत करायचं. मी गेले तेव्हा तेच उपासाचे दिवस चालू होते. मैदा, मीठ, पाणी, चमचाभर ऑलिव्ह तेल, खमीर नाही. आत 'ब्लित्वा' नावाची पालेभाजी. दिसायला पालकासारखी, पण बीटाच्या जातीची. तिला कंद धरत नाही, पानं मोठी होतात.

खरं कौशल्य भाजीत आहे. पानं आदल्या दिवशी धुवायची आणि रात्रभर कापडावर पसरून कोरडी करायची. देठ काढून टाकायचे. मग गुंडाळी करून अगदी बारीक चिरायची, त्यात कांदा आणि पार्सली. शिजवायची नाही. मीठ आणि तेल घालायचं ते अगदी शेवटी, पोळी लाटून झाल्यावर. आधी घातलं तर भाजीला पाणी सुटतं आणि खालची पोळी फाटते. मी विचारलं, मीठ किती? आजीनं माझ्या हातातली भाजी कुस्करून बघितली आणि म्हणाली, "आज ओली आहे, कमी." हे प्रमाण कुठल्या पुस्तकात लिहायचं?

पोळी सुमारे मीटरभर रुंद. आपल्या चार पोळपाटांएवढ्या गोल लाकडी पाटावर लाटतात, त्याला 'सिनिया' म्हणतात. एक पोळी खाली, भाजीचा पातळ थर, दुसरी पोळी लांब लाटण्यावर गुंडाळून आणायची आणि वरून उलगडायची. कडेला करंजीसारखी मुरड. मग चुलीपाशी. तिथली चूल म्हणजे 'कोमीन', जमिनीपासून थोडा उंच दगडी कट्टा. त्यावर लाकडं जाळून दगड तापवायचा, निखारे बाजूला सारायचे, कट्टा झाडायचा आणि सिनियाला एक झटका देऊन ती एवढी मोठी भाकरी तापल्या दगडावर सरकवायची. झटका चुकला तर सगळा दिवस वाया. मग वरून राख आणि निखारे पसरायचे. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून राख केरसुणीनं झाडायची, वर तेलात कालवलेला लसूण चोळायचा आणि शंकरपाळ्यासारखे चौकोन कापायचे.

विदर्भातल्या मैत्रिणी पानगे-रोडगे करतात ना गोवऱ्यांच्या निखाऱ्यात? मी तेच आठवत होते. आणि आणखी एक आठवलं. शेतात पार्टी असली, पाहुणे असले की रोडगे लावायला पुरुष पुढे येतात, आणि त्याचं कौतुकही होतं. त्या घरातही तसंच. 'पेका' म्हणून एक प्रकार आहे: मांस आणि बटाटे घमेल्यासारख्या लोखंडी झाकणाखाली ठेवायचे आणि झाकणावर निखारे रचायचे. तो अंगणात मुलगा करायचा, हातात वाइनचा पेला घेऊन, आणि सगळे फोटो काढायचे. बटाटे कोण सोलतं, ताटं कोण घासतं, ते फोटोत येत नव्हतं. उघड्यावरची चूल पुरुषाची आणि धुराच्या खोलीतली बाईची, ही वाटणी मला दोन्हीकडे सारखी दिसली.

आता मुद्द्याकडे येते.

सोपार्निक आता गरिबाचं राहिलेलं नाही. क्रोएशियाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आहे. २०१६ साली युरोपीय संघानं 'पोल्यित्साचं सोपार्निक' या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं, आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना किंवा कोल्हापुरी चपलेला आहे तसं. सून मला हे अभिमानानं सांगत होती. आजी म्हणाली, "माझी सासू कागद बघून करत नव्हती." पण तीही खूश होती. ज्या खाण्याला शहरातले लोक नाक मुरडायचे, त्यासाठी आता परदेशातून माणसं येतात. कोणाला आनंद होणार नाही?

एका संध्याकाळी भाजी निवडताना मी आजीला विचारलं, तू हे विकायचीस का? ती खुलली. तरुणपणी पहाटे उठून चार-चार सोपार्निक भाजायची, कापून टोपलीत भरायची आणि पहिल्या बसनं स्प्लितच्या बाजारात जायची. हिवाळ्यात तिथे डोंगरावरून एक गार वारा सुटतो, त्याचं नावच 'बुरा'. त्या वाऱ्यात उभं राहून गुडघे गेले, असं ती म्हणाली. मग एप्रनच्या खिशावर हात मारून म्हणाली, "पण पैसे इथे असायचे." नवऱ्याला हिशेब द्यायची नाही. त्या पैशांतून तिनं मुलीला शिकवलं.

मी सुनेला विचारलं, आणि आता? आता पाहुण्यांचे पैसे बँकेत जातात. तिथे शेतकरी कुटुंबाची सरकारी नोंदणी असते, तिच्यात एक प्रमुख असतो आणि बाकीचे सदस्य. या घरात प्रमुख मुलगा. खातं त्याचं, पावती त्याच्या नावाची. जाहिरातीत आजीचे पिठानं माखलेले हात दिसतात. आजीचं नाव दिसत नाही.

म्हणजे बघा, पदार्थाला मान नव्हता तेव्हा पैसा बाईच्या खिशात होता. मान आला, कागद आला, आणि पैसा कागदावर ज्याचं नाव त्याच्याकडे गेला. कोणी हिसकावून घेतला नाही. मुलगा वाईट नाही, आईची काळजी घेतो, बायकोला बोलत नाही. नुसत्या नोंदणीनं हे झालं.

आपल्याकडे हे कितीदा झालंय! घरी रतीब घालत होती तोवर दुधाचे पैसे बाईच्या कनवटीला होते. दूध डेअरीला जायला लागलं, संस्थेचा सभासद नवरा झाला आणि बिल त्याच्या खात्यात गेलं. शेण मात्र तिच्याकडेच राहिलं. मी जुनं ते चांगलं म्हणत नाहीये. आजीचे गुडघे मी पाहिलेत. पुन्हा बुऱ्यात उभं राहा, असं तिला कोण सांगणार? नोंदणी हवीच. नाव कोणाचं, एवढाच प्रश्न आहे.

आणि नाव त्याचं का? कारण जमीन त्याची. त्याची का? मी विचारलं तेव्हा आजी सहज म्हणाली, "माझ्या बापाची जमीन मी भावाला सोडली. बहिणी सोडतातच." कायद्यानं तिथे मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे. तरी सोडली, आणि वर भावाकडे जेवूनही आली. मी तिला आपल्या हक्कसोडपत्राबद्दल सांगितलं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशात २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला, आणि तरीही सही करून बहिणी मोकळ्या होतात, कारण माहेर तुटेल ही भीती. हे सुनेनं तिला भाषांतर करून सांगितलं. आजी बराच वेळ भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, "तुमच्याकडेही साडी देतात का?" तिला भावानं कोट दिला होता.

त्याच भागात, ओमिश गावाच्या वर, एका बाईचा मोठा पुतळा आहे. मिला गोय्सालिच. सोळाव्या शतकात तुर्की फौजेचा दारूगोळा उडवून देऊन तिनं स्वतःचा जीव दिला, अशी कथा आहे. पुतळा इव्हान मेश्त्रोविच या मोठ्या शिल्पकाराचा. सून मला तिथे घेऊन गेली. म्हणाली, "आमच्याकडे बाईचं नाव लावायला तिनं मरावं लागतं." मी तिला आपल्याकडच्या चौथऱ्यांबद्दल सांगितलं.

निघायच्या दिवशी पैसे द्यायची वेळ आली. ठरल्याप्रमाणे रक्कम खात्यात गेली. पण आदल्या रात्री सून नवऱ्याशी बोलली होती. शिकवण्याचे पैसे वेगळे, राहण्याचे वेगळे, आणि शिकवण्याचे तिच्या व आजीच्या नावानं, असं तिनं मांडलं. मी खोलीत होते, शब्द कळत नव्हते, आवाज कळत होते. गेल्या वर्षी तिचा निरोप आला. शिकवण्याचे पैसे आता तिच्या खात्यात येतात, आजीला ती रोख देते आणि आजी ते एप्रनच्या खिशातच ठेवते. नोंदणीतला प्रमुख बदलायचा कागद तिनं आणून ठेवलाय. त्यावर अजून सही झालेली नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच गटांनी न्याहारी-निवास, चुलीवरचं जेवण, हुरडा पार्टी असं काही ना काही सुरू केलंय. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्याच्या नोंदणीला सातबारा लागतो. जेवणाच्या सुट्टीत मला प्रत्येक गटाकडून तीन गोष्टी हव्या आहेत: अर्जावर पहिलं नाव कोणाचं, खातं कोणाचं, आणि सातबारा कोणाचा. वही फिरवते आहे, त्यात लिहा. लिहिता येत नसेल तर शेजारणीला सांगा.

आणि जेवायला सोपार्निक आहे. ब्लित्वा मिळाली नाही म्हणून पालक घातलाय, आणि कोमीन नाही म्हणून दोन तव्यांत भाजलंय. आजी बघेल तर नाक मुरडेल. लसूण मात्र भरपूर आहे.