मापाची रायफल आणि कारखान्याची रायफल



ज्यानें उभ्या आयुष्यांत हातीं खडूखेरीज दुसरें हत्यार फारसें धरलें नाहीं, अशा एका शाळामास्तरानें बंदुकीविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. आमच्या एरंडोलास लोक एकचक्रानगरी म्हणतात, आणि भीमानें बकासुराचा वध केला तो येथेंच, असें मानतात. त्या कामीं भीमास बंदूक लागली नाहीं. त्यामुळें ती मापानें करून घ्यावी कीं कारखान्याची तयार घ्यावी, हा प्रश्न त्याच्यापुढें आला नाहीं. माझ्यापुढें मात्र तो गेल्या भाद्रपदांत येऊन उभा राहिला.

माझा एक जुना विद्यार्थी अंजनी नदीच्या कांठीं शेती करतो. रानडुकरांच्या कळपानें एका रात्रींत त्याचा निम्मा मका लोळविला. वनखात्याकडे त्यानें रीतसर अर्ज केला. परवानगी मिळाली तर गोळी झाडावयाची कशानें, ही त्याची अडचण. घरांत आजोबांची दुनळी रायफल आहे. लंडनच्या कारागिरानें ती आजोबांच्या मापानें घडविलेली. दस्त्यावर चांदीची लहानशी पट्टी, आणि पट्टीवर आजोबांचें नांव. परवाना वारसानें त्याच्या नांवावर झाला आहे. "गुरुजी, हीच ठेवूं, कीं ही परवानेदार व्यापाऱ्यास देऊन ईशापूरची तीनशें पंधराची घेऊं?" असें त्यानें मला विचारलें. त्याच्या आईचा या गोष्टीस साफ विरोध होता. पैठणी देऊन गिरणीचें लुगडें कोणी घरांत आणतें का, असें तिचें म्हणणें.

पुढें जाण्यापूर्वीं एक गोष्ट सांगून टाकतों. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेची शिकार आपल्या देशांत संपली, आणि ती संपली हें माझ्या मतें उत्तम झालें. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरावरहि वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून गोळी झाडतां येत नाहीं. तेव्हां माझें हें बोलणें कोणाच्या शौकासाठीं नाहीं. गोळी झाडणें प्राप्तच झालें, तर तिनें जनावर जागच्या जागीं पडावें, तें अर्धमेलें होऊन रानांत जाऊं नये, एवढ्याच हेतूनें मी बोलतों. असें कां म्हणतों, तें पुढें कळेल.

शिकारीच्या बंदुकीची आमच्या भागाला ओळख जुनी आहे. १८१९ च्या एप्रिलांत जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर असतां अजिंठ्याच्या लेण्यांशीं पोहोंचला, आणि दहाव्या लेण्यांत आपलें नांव व तारीख कोरून ठेवण्याचा अविचार करून गेला. पुढें १८२५ मध्यें जेम्स औट्राम यानें आमच्या जवळच धरणगांवास भिल्लांची पलटण उभारली. वाघाच्या शिकारीबद्दल त्याचेंहि नांव खानदेशांत गाजलें. परंतु त्या दिवसांत आजचा प्रश्नच नव्हता, कारण चांगली बंदूक म्हणजे कानशीनें घासून हातानें जुळविलेली बंदूक. एका बंदुकीचा खटका दुसरीस बसत नसे. भिल्लाचा तीरकामठा तर मापाचाच. आपल्या दंडाला ओढवेल तेवढाच बांबू तो निवडतो, आणि दुसऱ्याचें धनुष्य सहसा हातीं धरीत नाहीं. यंत्रें आलीं, हजारों भाग एका मापाचे निघूं लागले, तेव्हां कोठें निवड करण्याची पाळी आली.

आतां माझ्या घरची हकीकत सांगतों.

माझ्या वडिलांचे चुलते एका संस्थानच्या शिकारखान्यावर होते. संस्थानिकांनीं स्वतःसाठीं विलायतेहून रायफली मागविल्या, तेव्हां मेहेरबानी म्हणून या चुलत्यांचेंहि माप पाठविलें. ते सहा फूट उंच, हातानें लांब आणि डावरे. त्यांच्यासाठीं आलेली दुनळी रायफल त्यांच्या खांद्याला अशी बसे, कीं ती त्यांच्या अंगाचाच अवयव वाटावी, असें वडील सांगत. संस्थानें विलीन झाल्यावर ते ती घेऊन गांवीं परतले, आणि त्यांच्यामागें ती वडिलांकडे आली. वडील ठेंगणे, भरल्या अंगाचे आणि उजवे.

१९६९ चा मार्गशीर्ष महिना होता. मी नऊ वर्षांचा होतों. मळ्यांत दादर निसवली होती आणि डुकरें रोज येत होतीं. वडील रात्रीं घोंगडी पांघरून माळ्यावर बसले. चांदणें स्वच्छ होतें. डुकर पंचवीस पावलांवर आलें. वडिलांनीं रायफल उचलली, तों लांब दस्ता घोंगडींत अडकला आणि खांद्यावर बसण्याऐवजीं दंडावर आला. त्यांतून तो दस्ता डावऱ्या माणसासाठीं डावीकडे किंचित् वळविलेला. उजव्या माणसानें गाल टेकला कीं डोळा नळीच्या रेषेंत न येतां बाजूला राही. वडिलांनीं मान तिरकी करून कशीबशी माशी पाहिली आणि चाप ओढला. गोळी पोटांत खालीं लागली. दुसरी नळी झाडेपर्यंत डुकर शेजारच्या तुरींत शिरलें होतें.

सकाळीं आमचा जागल्या रक्ताच्या मागानें तुरींत गेला. तो साठीचा भिल्ल होता, आणि जखमी डुकर काय करतें हें वडिलांहून त्याला अधिक ठाऊक होतें. तरी तो गेला. डुकरानें त्याची मांडी फाडली. वडिलांनीं धोतर फाडून जखम बांधली, आणि बैलगाडींतून त्याला एरंडोलच्या दवाखान्यांत आणलें. गाडींत त्याचें डोकें माझ्या मांडीवर होतें. तो वांचला, पण पाय आंखूड झाला तो कायमचा. वडिलांनीं त्या मळ्याचें निम्में धान्य तो जिवंत असेतोंपर्यंत त्याच्या घरीं पोहोंचतें केलें. त्यानें तक्रारीचा शब्द कधीं काढला नाहीं. मी मॅट्रिकला होतों तेव्हां एकदां मींच तो विषय काढला, तर एवढेंच म्हणाला, "ती बंदूक काकांची होती, मालकांची नव्हती."

बंदुकीचें शास्त्र मीं पुढें पुष्कळ वाचलें, तें त्याच्या या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठींच.

मापाची रायफल म्हणजे काय, हें आधीं पाहूं. लंडनांतील कारागीर गिऱ्हाइकाच्या हातीं प्रथम एक हलत्या सांध्यांची बंदूक देतो. तिचा दस्ता लांब-आंखूड करतां येतो, उंच-सखल करतां येतो, डावीकडे-उजवीकडे वळवितां येतो. गिऱ्हाईक ती वारंवार खांद्याला लावतो, आणि ज्या स्थितींत त्याचा डोळा आपोआप माशीच्या रेषेंत येतो, तें माप कारागीर टिपून घेतो. अक्रोडाचा दस्ता त्याबरहुकूम कोरतात. दुनळींत आणखी एक किमया असते. दोन नळ्या अगदीं समांतर ठेवल्या तर झाडतांना बसणाऱ्या धक्क्यानें उजवीची गोळी उजवीकडे आणि डावीची डावीकडे जाते. म्हणून नळ्यांचीं तोंडें किंचित् जवळ आणावीं लागतात. किती, हें गणितानें नीट सांगतां येत नाहीं. कारागीर गोळी झाडतो, डाख तापवून मधली पाचर सरकवितो, पुन्हां झाडतो. दोन्हीं नळ्यांच्या गोळ्या एके ठिकाणीं पडेपर्यंत हें चालतें. या कौशल्यापुढें मी खरोखरीच नतमस्तक होतों.

परंतु ही जुळणी एका विशिष्ट काडतुसाशींच असते. दारू बदलली, गोळीचें वजन बदललें, कीं दोन नळ्या दोन दिशांना मारूं लागतात. आणि हीं काडतुसें मिळावयाचीं कोठें? इंग्रज सरकारनें १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली, कां तर त्या मापाचीं काडतुसें जुन्या लष्करी रायफलींच्या उपयोगीं पडून तीं बंडखोरांच्या हातीं जातील. मग विलायतेच्या कारागिरांनीं .४७०, .४६५ अशीं नवींच मापें काढलीं. राजेरजवाड्यांच्या कपाटांत अशा नाना मापांच्या रायफली जमल्या. पुढें मालक गेले, काडतुसें संपलीं, आणि त्या रायफली भिंतीवर राहिल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या घरीं पांच काडतुसें उरलीं होतीं. पितळेवर हिरवा कीट चढलेला. आजोबांच्या रायफलीचें भविष्य मला वाटतें त्या पांचांतच लिहिलेलें होतें.

कारखान्याच्या रायफलीचें उलट. लष्करी मापाची .३०३ सामान्य माणसास मिळणें कठीण, म्हणून .३१५ आपल्याकडे रूढ झाली. पूर्वीं ती बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची येई, नंतर कलकत्त्याजवळ ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत होऊं लागली. तिच्यांत शोभा नाहीं. दस्ता एका कल्पित सरासरी माणसाचा, आणि तो सरासरी माणूस मला अजून कोठें भेटलेला नाहीं. परंतु तिचा एखादा भाग मोडला तर तसाच दुसरा बसतो, आणि काडतूस मिळतें.

हा भेद तरी इतका पक्का कोठें आहे? जिम कॉर्बेट याची प्रसिद्ध रायफल पाहा. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्यें संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरानें ती त्याला भेट दिली. ती लंडनच्या रिग्बी या नामांकित पेढीची, .२७५ ची, पण तिचा खटका जर्मनींतील मौसर कारखान्याचा. थोर कारागिरांनाहि कारखान्याचा भाग घेण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आणि ती वाघीण प्रत्यक्षांत मेली कशानें? कॉर्बेटनें बरोबर तीनच काडतुसें घेतलीं होतीं. तीं संपलीं, वाघीण जखमी होऊन समोर उभी, तेव्हां त्यानें धांवत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांमध्यें फट पडलेली! नेम तोंडाचा धरला, गोळी पंजास लागली. वाघीण आधींच्या जखमांनीं खिळखिळी झाली होती, म्हणून ती तेवढ्यानें पडली. चारशेंहून अधिक माणसें जिनें खाल्लीं, तिच्यावरची शेवटची गोळी उसन्या मोडक्या बंदुकीची होती. कॉर्बेटला तें साधलें. आमच्या वडिलांना साधलें नसतें, आणि माझ्या विद्यार्थ्यालाहि साधणार नाहीं.

वडिलांनीं १९७० मध्यें एक वापरलेली .३१५ घेतली. तीहि त्यांना लांबच होती. त्यांनीं ती आमच्या सुताराकडे नेली. त्यानें दस्त्याचा पाऊण इंच कापला आणि टोंकाला चामडें ठोकलें. मग वडिलांनीं नदीच्या कोरड्या पात्रांत मडकीं मांडून पंचवीस काडतुसें झाडलीं. आईला तो खर्च फार वाटला. पण पुढच्या हंगामांत त्यांनीं दोन डुकरें मारलीं, आणि दोन्हीं जागेवरून हललीं नाहींत. तेव्हां कारखान्याची रायफल मापाची झाली ती सुताराच्या करवतीनें. लंडनास जावें लागलें नाहीं.

विद्यार्थ्याला मीं हें सारें सांगितलें नाहीं. त्याला रायफल घेऊन यावयास सांगितलें. ओटीवर तिच्या दोन्हीं नळ्या उघडून रिकाम्या असल्याची खात्री आम्हीं दोघांनीं दोनदां करून घेतली. मग त्याला म्हटलें, "समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहा. आतां डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल टेक, आणि मग डोळे उघड. काय दिसतें?"

"मागचें लोखंड दिसतें, गुरुजी. माशी दिसत नाहीं."

तीन वेळां केलें, तीनहि वेळां तेंच. त्याची आई दारांत उभी राहून पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. चांदीची पट्टी दस्त्यावरून काढून घेतां येईल का, एवढेंच तिनें थोड्या वेळानें विचारलें. येईल, दोनच स्क्रू आहेत, असें मीं सांगितलें.

मग मीं कपाटांतून शाळेची जुनी टेप काढली. त्याचा कोपर काटकोनांत वांकवून बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेऱ्यापर्यंत माप घेतलें. पावणेचौदा इंच भरलें. सुतारास दाखविण्यासाठीं तें एका कागदावर लिहून दिलें, आणि खालीं पंचवीस मडक्यांचा हिशेबहि मांडून दिला.