बंडखोर घरातील मुलगी

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्माच्या कडक शिस्तीत वाढलेल्या मुलीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सोवळ्यातले ब्राह्मण घर किंवा पडद्यातले मुसलमान घर उभे राहते. ती घरे टीकेला सोयीची आहेत. मला आज गैरसोयीच्या घराविषयी बोलायचे आहे. जे घर स्वतःच बंडातून उभे राहिले, त्या घरात मुलीच्या वाट्याला किती स्वातंत्र्य येते?

जमैकातील रास्ताफारी हा असाच बंडखोरांचा पंथ. १९३० साली इथिओपियात हैले सेलासीचा राज्याभिषेक झाला आणि गुलामांच्या वंशजांनी गोऱ्यांच्या देवाला नाकारून त्या काळ्या सम्राटात आपला देव पाहिला. त्यांनी जटा वाढविल्या आणि त्यापायी सरकारचा मार खाल्ला. १९६३ साली कोरल गार्डन्स येथे झालेल्या अत्याचारांबद्दल तेथील सरकारने माफी मागितली ती २०१७ साली! या पंथाच्या कडव्या घरात वाढलेल्या साफिया सिंक्लेअर या कवयित्रीचे आत्मकथन २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाप रेगे गायक. गोऱ्यांच्या साऱ्या व्यवस्थेला तो ‘बॅबिलोन’ म्हणून झिडकारी. परंतु मुलीने काय ल्यावे, कोणाशी बोलावे, हे ठरविणारी सत्ता त्याचीच. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने जटा उतरविल्या. ज्या जटा बापाच्या डोक्यावर स्वाभिमानाची खूण होत्या, त्याच मुलीच्या डोक्यावर हुकूम झाल्या होत्या.

आता जमैकातून नागपुरास येऊ. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वास विरोध, गिरणीतील व विडीच्या कारखान्यांतील स्त्रियांना रजा व नुकसानभरपाई, असे ठराव त्या स्त्रियांनी केले. ज्यांना वर्गलढा आणि स्त्रीचा लढा वेगळा वाटतो त्यांनी हे ठराव जरूर वाचावेत. डॉ. आंबेडकरांनी त्याच परिषदेत सांगितले की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि पत्नीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथेच लाखोंनी धम्म स्वीकारला. घरोघरचे देव गेले, नवससायास गेले. ही शिस्त कडक होती आणि तशी असणे आवश्यकच होते. शतकांची लाचारी मवाळपणाने जात नसते. बावीस प्रतिज्ञांत स्त्रीला कमी लेखणारे अक्षरही नाही. तरीही फलटणच्या बेबीताई कांबळे यांना ‘जिणं आमुचं’ लिहीत असताना ते लिखाण वीसएक वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवावे लागले. नवरा चळवळीतला होता. दुकानात सामान बांधायला आणलेली रद्दी वाचत ही बाई शहाणी झाली, आणि शहाणपण लपवीत राहिली. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्येही पत्नीच्या शिक्षणाने व लेखनाने अस्वस्थ होणारा नवरा भेटतो. दोष धम्माचा नव्हे. देव बाहेर काढताना उंबऱ्याच्या आत राहून गेलेल्या मालकीहक्काचा आहे.

उलट उदाहरणही नागपूरचेच आहे. कुमुद पावडे यांना आईवडिलांनी शिकविले, त्यांनी हट्टाने संस्कृत घेतले, जातीबाहेर लग्न केले. परंतु ‘अंतःस्फोट’मध्ये त्या लिहितात ते आपल्याला खाली पाहावयास लावणारे आहे: संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाली ती कुमुद सोमकुवरला नव्हे, कुमुद पावडेला. घराने दार उघडले तर समाज आडवा येतो. मुलगी दोन्हीकडून अडते. नुसत्या बापाला शिव्या देऊन आपले काम भागत नाही ते यामुळे.

आणि आपण समाजवाद्यांनी येथे गालातल्या गालात हसू नये. आपल्या किती कार्यकर्त्यांच्या मुली जातीबाहेर लग्न ठरवून निर्धास्तपणे घरी सांगू शकतात? पक्षाचा झेंडा दारावर असतो. सोयरिकीची यादी मात्र मामाकडे असते.

यात करण्याजोगे काम अगदी साधे आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फलकावर लावली जाते. भावाने, काकाने, गावगुंडाने ती वाचावी आणि मुलीला गाठावे, अशीच ही सोय झाली आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याचा विचार करावयास राज्यांना सांगितले. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये काय केले? आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली! निवारा मागणाऱ्या मुलीवर पहारा. या नोटिशीविरुद्ध आपण निवेदने देऊच. पण कायदा बदलेपर्यंत त्या तीस दिवसांत मुलीने राहावे कोठे, आणि नागपुरातील आपल्यापैकी कोणाच्या घराचे दार तिला उघडे आहे, त्यांची नावे आज वर्ग संपण्यापूर्वी लिहून घ्यावीत अशी माझी सूचना आहे.