उतारवयातली उठबस



आजचा विषय ‘उतारवयातील आरोग्य’ असा जाहीर झाला आहे. रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, विस्मरण या प्रत्येकावर एकेक व्याख्यान होऊ शकेल. मी मात्र एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, कारण म्हातारपणी माणूस परावलंबी होतो तो बहुतेक वेळा याच वाटेनं, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे. ती गोष्ट म्हणजे पायांतली ताकद. आपलं आपण उठणं, बसणं, जिना चढणं, रात्री बाथरूमला जाऊन सुखरूप परत येणं.

दवाखान्यात नाव पुकारलं की पेशंट बाहेरच्या बाकावरून कसा उठतो, ते मी दारातून बघते. पुष्कळ जण आधी बाकाच्या कडेला सरकतात. दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबतात, अंग पुढे झोकतात, पण पहिल्या खेपेला जमत नाही. दुसऱ्या खेपेला उठतात आणि भिंतीला हात लावून क्षणभर थांबतात. हातातल्या फाईलमध्ये साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन सगळं असतं. हे उठणं मात्र कुठेच नोंदलेलं नसतं आणि विचारलं तर उत्तर येतं, “आता वय झालं, डॉक्टर.”

याची तपासणी घरी करता येते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी घ्या आणि सलग पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसा. शेजारी कुणीतरी असू द्या. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यांनुसार यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर स्नायूंकडे लक्ष द्यायची वेळ आली असं समजावं.

स्नायूंची घट चाळिशीच्या आसपासच सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. स्नायू जेवढे कमी होतात, त्याहून वेगानं ताकद कमी होते. अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये या अवस्थेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. तोवर वैद्यकशास्त्रसुद्धा याला ‘वय झालं’ एवढंच म्हणत होतं.

आपल्यासाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी सुमारे २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. पण वजनातली ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला सडपातळ, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त, ही आपली ठेवण जन्मापासूनची आहे. स्नायूंची गंगाजळी मुळातच लहान, त्यामुळे म्हातारपणी ती लवकर आटते. शिवाय जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. म्हणून स्नायू राखणं हा मधुमेह टाळण्याचाही भाग आहे.

ही गंगाजळी किती झपाट्यानं आटते ते ऐका. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवण्यात आलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ एक किलोनं घटले. हे धडधाकट लोक होते. मग न्यूमोनियातून उठलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला आपण प्रेमानं “महिनाभर पडून राहा” म्हणतो, तेव्हा त्याच्या पायांचं काय होत असेल? आजारपणात डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी माणसाला खुर्चीत बसवा, आधार देऊन दोन पावलं चालवा.

आता दुसरी बाजू. बोस्टनच्या एका वृद्धनिवासात डॉ. मारिया फियातारोन यांनी १० रहिवाशांना पायांच्या ताकदीचे व्यायाम दिले. सगळे नव्वदीच्या आसपासचे आणि अशक्त. वजनं हलकीफुलकी नव्हती आणि ती हळूहळू वाढवत नेली. आठ आठवडे टिकलेल्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून सिद्ध झालं की स्नायू नव्वदीतही प्रतिसाद देतात. आपण ज्याला वय म्हणतो, त्यातला बराचसा भाग न वापरण्याचा असतो.

हे न वापरणं सुरू कुठे होतं? मला वाटतं, आपल्या घरांत आणि तेही मायेपोटी. सून म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी करते.” मुलगा वडिलांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतो. नातू धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणून देतो. पूर्वी पाटावर जेवायला बसताना, देवापुढे, अंगणात सडा घालताना दिवसातून कितीतरी वेळा जमिनीवरून उठणं व्हायचं. पाटाच्या जागी टेबल आलं, ओटा उभ्याचा झाला, पाणी नळाला आलं. बायकांचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण त्या कष्टांबरोबर मांड्यांचा व्यायामही गेला आणि त्याच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही. ज्येष्ठांना आदरानं खुर्चीत बसवलं आणि त्यालाच सेवा म्हटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की बसवून ठेवणं ही सेवा नव्हे. ज्याला जे जमतं, ते त्याला करू देणं ही सेवा.

“आम्ही रोज सकाळी फिरायला जातो,” असं आपल्यापैकी अनेक जण म्हणतील. उत्तम. हृदयाला, रक्तदाबाला, मनाला चालण्यासारखं दुसरं काही नाही. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्यानं मांड्यांना पुरेसा भार मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाच्या हालचालींशिवाय दोन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम.

यासाठी जिमच लागते असं नाही. खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. थोडा वेळ थांबून पुन्हा दहा वेळा. सुरुवातीला हातांचा आधार घ्या, मग एकाच हाताचा, मग सोडून द्या. ओट्याला धरून टाचा उचला. ओट्याला धरूनच एका पायावर उभे राहा. सोपं वाटू लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. भार हळूहळू वाढला पाहिजे, नाहीतर ताकद वाढत नाही. गुडघे दुखतात म्हणून व्यायाम बंद करणारे खूप भेटतात. झिजलेल्या गुडघ्याला आधार मांडीचे स्नायूच देतात, म्हणून बेताचा व्यायाम हा गुडघेदुखीवरचा उपचारच आहे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता ताटाकडे वळू. स्नायू प्रथिनांचे बनतात, आणि वय वाढतं तसं आपलं ताट नेमकं प्रथिनांतच कमी पडतं. दात गेले, कवळी टोचते म्हणून उसळी सुटतात. एकट्या राहणाऱ्या बाईला एका माणसासाठी स्वयंपाक करावासा वाटत नाही. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पातळ वरण आणि भात, रात्री दूधभात. आठवड्यातून दोन उपास, त्यांना साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. ज्येष्ठांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं बरेच तज्ज्ञ सांगतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ग्रॅम तरी. तुरीच्या १०० ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती? वरण घट्ट करा. मूग, मटकी मऊ शिजवा. भाजीत शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घाला. ताक, दही, पनीर घ्या. चालत असेल त्यांनी अंडी, मासे खावेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात. हे सगळं एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळा वाटून घ्या. हाडांसाठी नाचणी आणि दूध आहेच. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

शेवटी पडण्याबद्दल. जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पडणं हे नशीब नाही. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशानं घटलेलं दिसलं. त्याच्या जोडीला घराकडेही बघा. बाथरूममध्ये धरायला दांडा, ओली न राहणारी फरशी, पलंगाजवळ हाताशी येणारं दिव्याचं बटण, सटकणारं पायपुसणं हद्दपार. रात्री जाग आली की ताडकन उठू नका. क्षणभर पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. झोपेच्या गोळीनं आणि रक्तदाबाच्या काही औषधांनीही तोल जाऊ शकतो. वर्षातून एकदा सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कुठली गोळी अजून लागते ते विचारा. मनानं मात्र एकही बंद करू नका.

या सभागृहात ज्येष्ठ नागरिक संघांचे अनेक पदाधिकारी बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या सभा होतात, सहली निघतात, वाढदिवस साजरे होतात. प्रत्येक बैठकीची सुरुवात पंधरा मिनिटांच्या उठबशीच्या व्यायामानं करा, तीही सगळ्यांनी मिळून. एकट्यानं सुरू केलेला व्यायाम पावसाळ्यात सुटतो, सोबतीनं केलेला टिकतो. आणि मुला-सुनांना, लेकी-जावयांना सांगते: वडिलांना भाजी आणायला जाऊ द्या, आईला डबे वर ठेवू द्या. वेळ लागेल, लागू द्या. नव्वदीतल्या अशक्त माणसांना आठ आठवड्यांत जे साधलं, ते साठी-सत्तरीतल्या आपल्याला साधणार नाही असं मानायला काहीही आधार नाही.