चित्र एक, कथा कोणाची?



कुडाळ तालुक्यातील पिंगुळी या गावाचे नाव दूरवर पोहोचले, ते तेथील ठाकर समाजाने जतन केलेल्या चित्रकथीमुळे. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवावयाची, त्या संचास ‘पोथी’ म्हणावयाचे आणि वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीने एकेक चित्र पुढे करीत कथा सांगावयाची, अशी ही परंपरा आहे. सावंतवाडी संस्थानचा आश्रय तिला लाभला होता. या लोककलेच्या सेवेबद्दल श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आजच्या विद्यार्थ्यास माहितीची पारख कशी शिकवावी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना या पोथीकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

चित्रकथीतील चित्र स्वतः बोलत नाही. त्याला अर्थ येतो तो सांगणाऱ्याच्या शब्दांमुळे आणि मागच्या-पुढच्या चित्रांमुळे. शेपटीला आग लावल्याचे चित्र पोथीतून काढून टाकले, तर लंकादहनाचे चित्र पाहणाऱ्या परक्या माणसास हनुमंत विनाकारण जाळपोळ करणारा वाटेल. चित्र खरेच राहील, कथा मात्र खोटी होईल. देवळात बसलेल्या श्रोत्यांची अशी फसवणूक होत नसे. कारण कथा त्यांना ठाऊक असे आणि सांगणारा समोर बसलेला असे. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या चित्राच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींचा अभाव असतो.

राईनपाड्याचा धडा

या अभावाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर पसरल्या. त्या वेळी फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलास उचलून नेताना दिसत होते. ती फीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती व्हावी म्हणून तयार केली होती. मुलास परत आणून सोडले जाते व संदेशाचा फलक दाखविला जातो, हा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. पोथीतील शेवटचे चित्र काढले गेले आणि उपदेशाची कथा भयाची कथा झाली.

अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षुकीसाठी गावोगाव फिरणारी ही माणसे होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली, ही गोष्ट प्रत्येक पंचायत सदस्याने मनाशी बाळगावी अशी आहे. ज्या महाराष्ट्राने गोंधळी, वासुदेव, चित्रकथी यांना दारात उभे करून त्यांची कथा ऐकली, त्याच महाराष्ट्रात अनोळखी पांथस्थाची कथा ऐकून घेण्यास कोणी थांबले नाही.

तीन प्रश्न

ही पारख शिकविण्यासाठी नव्या विषयाची वा खर्चिक साधनांची गरज नाही. केरळमधील कण्णूर जिल्ह्याच्या प्रशासनाने ‘सत्यमेव जयते’ या नावाने खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुमारे दीडशे सरकारी शाळांतून चालविले, ते याच विश्वासाने. भाषेच्या वा इतिहासाच्या तासालाही विद्यार्थ्यांस तीन प्रश्नांची सवय लावता येईल.

पहिला प्रश्न : हे सांगतो कोण? याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे सुपुत्र बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. छापलेल्या मजकुराची जबाबदारी घेणारे नाव त्यामागे होते. ‘आलेला संदेश पुढे पाठवीत आहे’ एवढेच ज्याच्यामागे आहे, त्या मजकुराला असा धनी नसतो.

दुसरा प्रश्न : या चित्राच्या आधी व नंतर काय होते? ते केव्हाचे आणि कोठले?

तिसरा प्रश्न : हीच गोष्ट आणखी कोण सांगतो? तलाठी, पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र किंवा वृत्तपत्र यांच्याकडून ती पडताळता येते काय?

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. एखाद्या परिचित कथेची पाच चित्रे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावीत. एका गटास पाचही, तर दुसऱ्या गटास मधलीच दोन देऊन कथा लिहावयास सांगावे. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे पुष्कळसा पाठ विद्यार्थीच एकमेकांस शिकवतील.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. सगळेच खोटे, असे मुलांच्या मनावर बिंबविणे हा या शिक्षणाचा हेतू नव्हे. सर्वांवर विश्वास ठेवणारा आणि कोणावरच न ठेवणारा, हे दोघेही पारख करण्याचे श्रम टाळतात. लशीविषयीच्या अफवेवर भाळणारा आणि आरोग्यसेविकेच्या शब्दावरही संशय घेणारा, या दोघांच्याही घरातील बालक लशीवाचूनच राहते. वैज्ञानिक दृष्टी व शोधक बुद्धी वाढविणे हे राज्यघटनेने, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनुसार, नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. त्या कर्तव्याचा पहिला पाठ म्हणजे निर्णयापूर्वी थोडे थांबणे.

राईनपाड्यास गर्दीत उभे असलेले बहुतेक शाळा सोडलेले, प्रौढ होते. त्यांच्यापर्यंत आता पाठ्यपुस्तक पोहोचणार नाही. परंतु घरातील मूल पोहोचू शकते. वडिलांच्या हातातील संदेश पाहून ‘बाबा, हे कोणी सांगितले?’ असे विचारणारा एक विद्यार्थी प्रत्येक घरात तयार झाला, आणि त्या प्रश्नाला रागावून गप्प न करणारा एक शिक्षक प्रत्येक गावात उभा राहिला, तर पुढच्या वेळी गावात येणारा अनोळखी माणूस आपली कथा सांगून सुखरूप परत जाईल.